बिनहुकाचा ब्लाउज

काल सकाळपासून चहा बंद.
गुलाबी कागदावर छापलंय :
चहा, कॉफी, कोको, चॉकलेट, थंड पेयं
चोवीस तास वर्ज्य.
खाली पेनानं कुणीतरी : डिकॅफसुद्धा नाही.
डिकॅफ म्हणजे काय, ते मला विचारू नका.

उपास मी पुष्कळ केले. सोमवार, संकष्टी,
चातुर्मासातलं एकेक.
चहाला कुठल्या देवानं हरकत घेतली नव्हती.
या उपासाला कहाणी नाही,
फक्त सव्वासातला हजर राहायचं,
स्वारगेटच्या अलीकडं, तिसरा मजला.

दुपारी डोकं ठणकायला लागलं.
ह्यांनी घरात चहा टाकलाच नाही. म्हणाले, मलाही नको, सोबत.
मग चारला भाजी आणतो म्हणून गेले
आणि नुसती कोथिंबीर घेऊन आले,
मिशीला आल्याचा वास.
मी काही बोलले नाही.
एकेचाळीस वर्षांत माणसानं एवढंच लपवलं असेल
तर चाललं.

कागदावर आणखी एक ओळ :
अंगावर धातू नको. हुक, चेन, सेफ्टी पिन, तार.
पुढून उघडणारा सैल कपडा घालावा.
हे वाचून मात्र हसू आलं.
पद्मावतीच्या गाळ्यात चौतीस वर्षं
मी हुकच लावत आले.
अर्ध्या बिबवेवाडीची मापं मला पाठ :
कर्णिक मॅडम छत्तीस, बाळंतपणानंतर अडतीस,
शेख वकीलबाई चौतीस, उजवा खांदा पाव इंच खाली,
डिंबळ्यांची सून, मोठं ऑपरेशन झालेली,
तिच्या डाव्या बाजूला कापूस असा भरला
की लग्नात नाचली.
बाहेरून सगळं मोजता येतं.

रात्री लवकर जेवून मशीनवर बसले.
पांढऱ्या केंब्रिकचा तुकडा होता, कुणाच्या तरी अस्तरातला उरलेला.
पुढं चार बंद, कापडाचे, चपटे,
बाही ढगळ, सुई टोचायला जागा.
औषध सोडून कॅमेऱ्यानं बघणार म्हणे
रक्त कुठं पोचतं, कुठं पोचत नाही.
काखेत कापड कमी पडलं
की ओढ भलतीकडंच दिसते, तसंच असेल काहीतरी.
पायडल मारताना मधेच धाप लागली.
थांबले.
आतल्या खोलीत दिवा लागला.
मशीन पुन्हा चालू होईपर्यंत
तो तसाच होता.

पाटल्या साबणानं निघाल्या, डावी रडवून.
मंगळसूत्र ह्यांच्या चष्म्याच्या घरात,
कुड्या रुमालात, रुमाल कुठं ते आता आठवत नाही.
सातारा रोडला रिक्षात वारं लागत होतं.

शैलजा रणपिसे, नाव पुकारलं.
चहा नाही ना घेतलात, मावशी?
नाही म्हटलं, आणि ह्यांच्याकडं बघितलं.
ह्यांनी चपलांकडं बघितलं.

तपासणारी पोरगी पंचविशीची. बत्तीस, फार तर,
आणि गणवेश कुणी छत्तीसचा दिलेला.
म्हणाली, ब्लाउज भारी आहे, कुठून घेतलात?
मी सांगेपर्यंत तिनं दोन बंद सोडले होते.
आता झोपा. हात डोक्यावर. पंधरा मिनिटं हलायचं नाही.

हात वर करा, ताई, हलू नका,
किती जणींना म्हटलं असेल मी,
दातात खडू धरून.
त्या सगळ्या पंख्याकडं बघत राहायच्या.
इथं पंखा नाही. छताला एक पाण्याचा डाग आहे,
घारीसारखा, नाहीतर कटोरीच्या तुकड्यासारखा.

थांबा, ती म्हणाली, हे काय?
गळ्यात टेप. रात्रीपासून तशीच,
दोन्ही टोकांना पितळ.
तिनं ती काढली, गुंडाळायला लागली, उलटी.
बाहेर काकांकडे देऊ?

नको, म्हटलं.
त्या खुर्चीवर ठेव, मला दिसेल अशी.